रॅम नेमकी किती वेगाने पळते? ओव्हरक्लॉकिंगला हात घालण्याआधीचं गणित

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून खोक्यावर मोठ्या अक्षरात ३६०० छापलेली रॅम आणायची, घरी येऊन मशीन जोडायचं, मशीनचे वेग दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडायचं आणि तिथे १०६६ बघून दुकानदाराला फोन लावायचा, असं नव्याने पीसी बांधणाऱ्या बऱ्याच जणांचं होतं. दुकानदाराने बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. रॅम तीच असते, फक्त तिला ३६०० ने पळायला कुणी सांगितलेलं नसतं. पुढे हीच मंडळी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, जातात तेव्हा नेमकं उलटं घडतं. रॅमला हात न लावताही तिचा वेग वाढतो, मशीन अडकतं आणि दोष प्रोसेसरवर जातो.

दोन्हीचं मूळ एकच. रॅमचा वेग हा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) थेट लिहिलेला आकडा नसून एक गुणाकार आहे. तो कशाचा कशाशी होतो हे कळलं की बायोसमधले निम्मे पर्याय आपोआप उलगडतात. म्हणून आधी गणित आणि मग हात घालणं, असा क्रम ठेवलाय. तो मोडू नका.

आधी हे जमवून ठेवा

- बोर्डाचं (मदरबोर्डचं), प्रोसेसरचं आणि रॅमचं पूर्ण मॉडेल नाव. रॅमचा पार्ट नंबर स्टिकवरच्या स्टिकरवर असतो. "१६ जीबी ३२००" हे मॉडेल नाव नव्हे.
- बोर्डाचं मॅन्युअल आणि कंपनीच्या साइटवरची मेमरी सपोर्ट यादी.
- सीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो, वेग आणि तापमान बघायला. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर झेनटायमिंग्जसुद्धा.
- मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) टाकलेला पेन ड्राइव्ह.
- महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे काढलेली प्रत. हे सगळ्यात आधी. रॅम अस्थिर असली की मशीन बंदच पडेल असं नाही. ते चालू राहून फोटो आणि कागदपत्रं गुपचूप खराब करू शकतं.
- मोबाइल, बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढायला.

१. दिसणारा आकडा आधी नीट वाचा

डीडीआर रॅम क्लॉकच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. त्यामुळे ३६०० म्हणून विकलेल्या रॅमचा खरा क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ असतो. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये हा खरा क्लॉक दिसतो. टास्क मॅनेजर मात्र दुपटीचा आकडा दाखवतो. म्हणजे सीपीयू-झेडमध्ये १८०० दिसत असेल तर सगळं जागेवर आहे. १०६६ दिसत असेल तर रॅम २१३३ ने चाललीय.

त्याच सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये "मॅक्स बँडविड्थ" नावाची ओळ असते. ती बघून घाबरू नका. तिथे रॅमचा जेडेक प्रमाणाचा वेग लिहिलेला असतो, चालू वेग नव्हे. जेडेक ही मेमरीची प्रमाणं ठरवणारी संस्था. डीडीआर ४ ची स्टिक नवीन मशीनमध्ये लावली की ती सहसा २१३३, २४०० किंवा २६६६ या सुरक्षित वेगाने उठते, डीडीआर ५ ची ४८०० किंवा ५६०० ने. खोक्यावरचा मोठा आकडा वेगळ्या प्रोफाइलमध्ये साठवलेला असतो. ते प्रोफाइल तुम्हीच चालू करायचं असतं. इंटेलच्या जगात त्याचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर ५ बोर्डांवर एक्स्पो, आणि काही जुन्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी.

हे प्रोफाइल चालू करणंसुद्धा इंटेल आणि एएमडी या दोघांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे. दुकानात कुणी तसं सांगत नाही, पण वॉरंटीच्या बारीक अक्षरात ते असतं.

२. मूळ क्लॉक आणि गुणक

गिरणगावातल्या जुन्या कापड गिरण्यांत छताखालून एक लांब फिरता दांडा जायचा. त्यावरच्या लहानमोठ्या चाकांवरून पट्टे खाली यायचे आणि प्रत्येक यंत्र आपापल्या चाकाच्या मापाने फिरायचं. दांडा जोरात फिरवला की सगळीच यंत्रं जोरात. एका यंत्राचं चाक बदललं की फक्त त्याच यंत्राचा वेग बदलायचा. तुमच्या बोर्डावर तो दांडा म्हणजे बेस क्लॉक, बायोसमध्ये बीसीएलके. आजच्या मशीनवर तो १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर, रॅम, पीसीआय एक्सप्रेस या सगळ्यांचे वेग कुठल्या ना कुठल्या गुणकाने त्यातून निघतात.

प्रोसेसरचा गुणक ४६ असेल तर १०० × ४६ = ४६०० मेगाहर्ट्झ.
रॅमचा गुणक १८ असेल तर १०० × १८ = १८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे डीडीआर ४-३६००.

आता प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात गुणक ४६ चा ४८ करायचा. प्रोसेसर ४८०० वर जातो, रॅम १८०० वरच राहते, कारण तिचं चाक वेगळं आहे. दुसऱ्या रस्त्यात बेस क्लॉक १०० चा १०३ करायचा. प्रोसेसर होतो १०३ × ४६ = ४७३८ आणि रॅम न विचारता १०३ × १८ = १८५४ वर जाते, म्हणजे ३७०८. तुमची स्टिक ३६०० ला जेमतेम टिकत असेल तर इथे मशीन पडणार. तुम्ही मात्र प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवत बसणार.

म्हणून नियम असा की बेस क्लॉक वाढवायचा असेल तर आधी रॅमचा गुणक एक-दोन पायऱ्या खाली उतरवा. याच उदाहरणात गुणक १७.३३ केला, म्हणजे बायोसच्या यादीत ३४६६ निवडलं, तर १०३ वर रॅम साधारण ३५७० ला राहील. टिकण्याची शक्यता बरीच वाढली. बहुतेक बायोसमध्ये बेस क्लॉक बदलला की मेमरीच्या यादीतले आकडेही बदलून दिसतात. ती यादी बघूनच निवड करा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर नवशिक्याने बेस क्लॉकला हातच लावू नये. बऱ्याच बोर्डांवर त्याच दांड्यावर पीसीआय एक्सप्रेससुद्धा असतं आणि क्लॉक थोडा सरकला तरी ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी रुसते. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजपासून हे इतकं घट्ट बांधलं की बेस क्लॉक काही टक्क्यांपलीकडे हलवताच येत नसे. गुणक मोकळा असताना दांड्याशी खेळण्यात आज फारसा फायदाही उरलेला नाही.

रॅमच्या गुणकाबद्दल आणखी एक बारकावा. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर रॅमसाठी १०० आणि १३३ असे दोन आधार निवडता येतात. ३२०० हवं असेल तर १०० × १६ घ्या किंवा १३३.३३ × १२, उत्तर १६००च, म्हणजे दुपटीने ३२००. फरक पायऱ्यांत पडतो. १०० च्या आधारावर वेग २०० च्या पायऱ्यांनी चढतो आणि १३३ च्या आधारावर २६६ च्या. २६६६ आणि २९३३ हे विचित्र वाटणारे आकडे या १३३ च्या पायऱ्यांवरचेच. रायझनवर पायरी आणखी बारीक, ६६ ची. म्हणूनच एएम४ (डीडीआर ४ च्या काळातल्या रायझनच्या) बोर्डावर सीपीयू-झेड ३२०० च्या रॅमला ३:४८ असं गुणोत्तर दाखवतं आणि ३६०० ला ३:५४. तीनाने भागा, १६ आणि १८ मिळतील.

आणि हो, वेग ३६०० ऐवजी ३५९२ दिसला तर काही बिघडलेलं नाही. बेस क्लॉक ९९.८ वर आहे एवढंच. स्प्रेड स्पेक्ट्रम नावाचा पर्याय चालू असला की असं होतं.

३. घरात जुनं मशीन असेल तर

शिकण्यासाठी जुनं मशीन फार चांगलं, कारण तिथे हे गणित उघड्यावर असतं. शिवाय बिघडलं तरी जीव जळत नाही. नवंच मशीन असेल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल.

इंटेलच्या कोअर २ काळात मूळ क्लॉक म्हणजे फ्रंट साइड बस. ई६६०० हा प्रोसेसर २६६ × ९ = २४०० मेगाहर्ट्झचा. त्याचा गुणक ९ च्या वर जात नाही, त्यामुळे ओव्हरक्लॉक करायचा एकच मार्ग, बस वाढवणं. रॅमचा वेग बसशी असलेल्या गुणोत्तराने ठरतो. २:३ ठेवलं तर २६६ वर रॅम ४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे डीडीआर २-८००. बस ३३३ केली की प्रोसेसर छान ३ गिगाहर्ट्झवर जातो, पण रॅम ५०० वर, म्हणजे डीडीआर २-१०००. साधी ८०० ची स्टिक हे सोसत नाही. गुणोत्तर १:१ केलं की रॅम ३३३ वर येते, म्हणजे ६६७, आणि मशीन निवांत चालतं. काही बोर्डांवर ५:६ मिळतं. मग ३३३ वर रॅम बरोबर ४०० ला बसते.

एएमडीच्या अ‍ॅथलॉन ६४ ची गोष्ट वेगळी आणि मजेदार. त्यात रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच आला आणि रॅमचा क्लॉक प्रोसेसरच्याच क्लॉकला पूर्णांकाने भागून काढला जायचा. त्या काळातल्या एएम२ बोर्डाचा २४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर घ्या. डीडीआर २-८०० साठी ४०० हवेत, २४०० ÷ ६ = ४००, मस्त. आता त्यापेक्षा महागडा २६०० चा घ्या. २६०० ÷ ४०० = ६.५. अर्ध्याने भागता येत नाही आणि ६ ने भागलं तर रॅम मर्यादेबाहेर जाते, म्हणून बोर्ड ७ धरतो. २६०० ÷ ७ = ३७१. म्हणजे महाग प्रोसेसरवर तीच ८०० ची रॅम ७४२ ने चालायची! लोक वैतागून रॅम बदलून आणायचे.

यातून सुटकाही ओव्हरक्लॉकनेच होते. या प्रोसेसरचा गुणक १३ आणि मूळ क्लॉक २००. मूळ क्लॉक २१५ केला तर प्रोसेसर २७९५ आणि रॅम २७९५ ÷ ७ = ३९९. भागाकाराचा आकडा मूळ २०० च्या हिशोबाने ठरलेला असतो, तो मधेच बदलत नाही. या काळाचं मशीन हाताशी असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसा, बायोस उघडण्याआधीच उत्तर काढता येतं.

४. वेगाला अडवणारे चार जण

गुणक हवा तेवढा निवडता येईल, पण तो टिकवणारे चार वेगळे भाग आहेत. रॅमची स्टिक, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्डावरच्या तारा आणि चिपसेटची (बोर्डावरच्या मुख्य चिपची) परवानगी. यांतला सगळ्यात कमजोर जो असेल त्याचाच वेग तुम्हाला मिळणार.

चिपसेटची परवानगी ही मुंबईच्या बाजारात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट आहे, कारण बजेट पीसी विकताना तिचा उल्लेखच होत नाही. इंटेलच्या एच४१० आणि बी४६० बोर्डांवर रॅम प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपुढे जात नाही. दहाव्या पिढीचा आय५ असेल तर २६६६ ला थांबते, मग तुम्ही ३६०० ची घ्या नाहीतर ४००० ची. बी५६०, एच५७०, बी६६० या बोर्डांवर रॅम वाढवता येते. एच५१० आणि एच६१० वर नाही. प्रोसेसरचा गुणक हलवायला मात्र झेड चिपसेट आणि नावाच्या शेवटी के असलेला प्रोसेसर, दोन्ही लागतात.

एएमडीकडे मोकळीक जास्त. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही पण रॅम होते. बी४५०, बी५५०, एक्स५७० वर दोन्ही होतं. ५८०० एक्स३डी सारख्या प्रोसेसरचा गुणक बंद असतो, रॅमचा मोकळा.

लॅपटॉपवाल्यांनी इथेच थांबलेलं बरं. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये यातलं काहीच नसतं.

कंट्रोलरची अधिकृत मर्यादा कंपनीच्या पानावर मिळते. रायझन ५००० साठी ३२००, रायझन ७००० साठी ५२००, रायझन ९००० साठी ५६००. हे आकडे दोन स्टिकचे आहेत. चार स्टिक लावल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि मर्यादा कोसळते. रायझन ७००० वर चार स्टिकसाठी एएमडीने अधिकृतपणे फक्त ३६०० सांगितलंय. चारही खाचा रंगीत दिव्यांनी भरलेल्या छान दिसतात, पण त्या दिव्यांसाठी वेगाचा एवढा मोठा भाग सोडून द्यावा असं मला वाटत नाही. ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन घ्या.

५. कंट्रोलर रॅमच्या पावलात चालतोय का?

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

एएम४ च्या रायझनमध्ये तीन क्लॉक एकत्र नांदतात. रॅमचा एमसीएलके, कंट्रोलरचा यूसीएलके आणि प्रोसेसरच्या तुकड्यांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा एफसीएलके. तिन्ही सारखे असले की डेटाला मधे थांबावं लागत नाही. रॅम ३२०० असेल तर तिन्ही १६००, आणि ३६०० असेल तर १८००. रायझन ३००० आणि ५००० चे बहुतेक प्रोसेसर १८०० सहज धरतात, काही १९०० पर्यंत जातात. २००० धरणारे विरळा.

आता कुणीतरी हौसेने ४००० ची रॅम आणतो. एमसीएलके २००० झाला. फॅब्रिक तिथपर्यंत येत नाही, आणि ऑटोवर ठेवलेला बोर्ड यूसीएलके अर्धा करून १००० वर नेतो. मशीन चालू होतं, सीपीयू-झेड २००० दाखवतं, मालक खूश. प्रत्यक्षात डेटा पोचायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय आणि गेममध्ये फ्रेम कमी झाल्यात. म्हणूनच एएम४ वर ३६०० हा मुक्काम मानतात. झेनटायमिंग्ज उघडा, तिन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात.

एएम५ (डीडीआर ५ वाल्या रायझनच्या) बोर्डांवर एएमडीने फॅब्रिक बाजूला काढलं. तो साधारण २००० वर आपल्या गतीने चालतो, रॅमशी जुळण्याचा आग्रह नाही. पण यूसीएलके आणि एमसीएलके सारखे असणं तिथेही महत्त्वाचं, आणि ही जोडी ३००० ला सहसा टिकते. डीडीआर ५-६००० ची शिफारस सगळीकडे दिसते ती यामुळे. काही प्रोसेसर ६४०० धरतात, पण तसं गृहीत धरून रॅम विकत घेऊ नका.

इंटेलने हेच प्रकरण अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून, गियर या नावाने आणलं. गियर १ मध्ये कंट्रोलर रॅमच्याच क्लॉकने चालतो, गियर २ मध्ये निम्म्याने. डीडीआर ४ वर गियर १ हवा. डीडीआर ५ वर गियर २ गृहीत धरा, तिथे ते नेहमीचंच आहे. बाराव्या पिढीचा १२४०० सारखा के नसलेला प्रोसेसर असेल तर सिस्टिम एजंटचं (प्रोसेसरमधल्या, मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) व्होल्टेज कुलूपबंद असतं, त्यामुळे ३६०० ला गियर १ टिकेलच असं नाही. मग बोर्ड गुपचूप गियर २ लावतो. अशा प्रोसेसरला ३२०० गियर १ मध्ये चालवलेली बरी. बायोसमध्ये गियर मोड ऑटोवर न ठेवता स्वतः निवडा. नाही टिकला तर डिस्प्ले येणार नाही, निदान खरं काय ते कळेल.

६. सीएलचा खरा वेळ काढायला एक ओळ पुरते

सीएल म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणारे क्लॉकचे ठोके. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदात, जितकं कमी तितकं चांगलं. ३२०० सीएल १६ म्हणजे १०. ३६०० सीएल १८ म्हणजे १०. ६००० सीएल ३० म्हणजेही १०. २६६६ सीएल १९ म्हणजे १४ च्या पुढे. त्यामुळे ३२०० सीएल १६ सोडून ३६०० सीएल १८ वर जायला जास्त पैसे मोजायचे की नाही ते तुम्हीच ठरवा. पहिला डेटा यायचा वेळ तोच, फक्त मागून येणारा डेटा जास्त.

७. दुकानात जाताना

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलात की डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजेच लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी गर्दीत कुणी शांतपणे पार्ट नंबर तपासून देणार नाही. मधल्या वारी दुपारी जा.

रॅम घेताना दोन स्टिकचं एकाच खोक्यातलं किट मागा. "दोन सुट्या घ्या, सेमच आहेत" हे हमखास ऐकू येईल. एकाच मॉडेलच्या सुट्या स्टिकमध्येसुद्धा आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि प्रोफाइल किट म्हणूनच तपासलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे "आता एकच १६ ची लावा, पुढे दुसरी टाकू" हा सल्ला. एका स्टिकने एकच चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधला एकच रस्ता, चालतो. ३२०० च्या एका चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी जातात, दोन चॅनलमधून ५१.२. दुसऱ्या चॅनलने जेवढं मिळतं तेवढं ३२०० ची ३६०० करून कधीच मिळणार नाही. ५६०० जी सारखा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर असेल तर दोन स्टिक आणि जास्त वेग यांचा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो, कारण ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. बिल न घेता थोडे पैसे वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर पहिलं तेच मागतं.

८. आता बायोस

एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं या एका सवयीवर आहे.

- दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. बोर्डावर तिथे ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं.
- बायोस अद्ययावत करा. खासकरून एएम५ वर हे टाळू नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जास्त एसओसी व्होल्टेजमुळे (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजमुळे) जळाले, त्यानंतर एएमडीने ते व्होल्टेज १.३ वर रोखणारे बायोस दिले. अपडेट करताना मशीन यूपीएसवर असू द्या.
- लोड डिफॉल्ट करा. काहीही न वाढवता मेमटेस्ट८६ चालवा. इथेच चूक आली तर स्टिक सदोष आहे, बदलून घ्या.
- प्रोसेसर मूळ वेगावर ठेवून एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. डीडीआर ४ चं व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर जाईल. डीडीआर ५ चं १.१ वरून १.२५ ते १.४ च्या दरम्यान, किटप्रमाणे. खोक्यावर जेवढं लिहिलंय त्याहून जास्त द्यायची गरज नाही.
- पाचव्या भागातलं गुणोत्तर तपासा. तिन्ही क्लॉक किंवा गियर हवा तसा आहे ना?
- पुन्हा मेमटेस्ट८६, चारही फेऱ्या. एकही चूक चालत नाही. "दोनच एरर आल्या" म्हणजे नापास.
- विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी ही चाचणी चालवा. मेमटेस्ट८६ मध्ये न सापडणाऱ्या चुका इथे सापडू शकतात.
- हे सगळं पार पडल्यावरच प्रोसेसरचा गुणक वाढवायला घ्या. आता काही अडलं तर दोष प्रोसेसरचा, हे नक्की सांगता येईल.

प्रोफाइल टिकत नसेल तर लगेच व्होल्टेजकडे धावू नका. एक पायरी खाली उतरा. ३६०० नाही तर ३४६६, ६००० नाही तर ५८००. बाकीची टायमिंग तशीच ठेवा. रोजच्या वापरात हा फरक कुणालाही कळत नाही, अडकलेलं मशीन मात्र लगेच कळतं.

९. डिस्प्ले आला नाही तर

आधी थांबा. डीडीआर ५ बोर्ड पहिल्यांदा चालू होताना किंवा वेग बदलल्यावर मेमरी ट्रेनिंग करतो आणि त्यात कित्येक मिनिटं काळा पडदा राहू शकतो. या काळात बटण दाबून बंद करणारे ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करून देतात आणि बोर्ड गेला म्हणून दुकान गाठतात. पंखे फिरतायत आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा लागलाय? चहा ठेवा.

बराच वेळ थांबूनही काही नाही झालं तर मशीन बंद करा, वायर काढा आणि सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसा. मॅन्युअलमध्ये दोन पिनची जागा दाखवलेली असते, त्या स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या. पिन नसतील तर गोल सेल, सीआर२०३२, काढून थोड्या वेळाने परत बसवा. मशीन डिफॉल्टवर उठेल. तरीही नाही उठलं तर एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून बघा.

मशीन उठतंय पण मधेच निळा पडदा आणि त्यावर मेमरी मॅनेजमेंट असं येतंय, किंवा झिप फाइली उघडताना चूक दाखवतायत, तर आधी संशय रॅमवर घ्या, प्रोसेसरवर नंतर.

१०. मे महिन्याची परीक्षा

रॅम तापली की चुका वाढतात, आणि डीडीआर ५ मध्ये तर व्होल्टेज सांभाळणारी चिपही स्टिकवरच बसवलेली असल्याने उष्णता जास्त. परदेशी व्हिडिओतली सेटिंग थंड खोलीत तपासलेली असतात. आपल्याकडे एसी लावून रात्री चाचणी केली तर सगळं पास होतं आणि एप्रिल-मेच्या दुपारी एसीशिवाय तेच मशीन पडतं. शेवटची चाचणी दुपारी, एसी बंद ठेवून, कॅबिनेटचं झाकण लावून घ्या. हिवाळ्यात मशीन बांधलं असेल तर उन्हाळ्यात ती पुन्हा करा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये डीडीआर ५ च्या स्टिकचं तापमान दिसतं, त्याकडे लक्ष ठेवा. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर जात असेल तर समोरचा एक पंखा बऱ्याचदा व्होल्टेजपेक्षा जास्त काम करतो.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर स्टिक एकदा काढून तिचे सोनेरी दात कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. खाऱ्या दमट हवेने संपर्क कमी होतो आणि अचानक एक चॅनल गायब झालेला दिसतो.

११. सेटिंग जपून ठेवा

सगळं स्थिर झालं की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा, पण केवळ त्यावर विसंबू नका. बायोस अपडेट केलं की सगळी सेटिंग डिफॉल्टवर जातात आणि जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल नवीन आवृत्ती बऱ्याचदा वाचत नाही. म्हणून रॅमचा वेग, टायमिंग, व्होल्टेज, एफसीएलके किंवा गियर असलेल्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बायोस अपडेटनंतर किंवा बोर्डाचा सेल बदलल्यानंतर पीसी मंद वाटायला लागला तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. २१३३ किंवा ४८०० दिसत असेल तर आठव्या भागातली एक्सएमपीची पायरी पुन्हा करायची आहे, एवढंच.